बायोइन्फर्मेटिक्स शिकवणे हे पूर्ण वेळेचे काम आहे: जीवशास्त्र विभागांना खुले पत्र

विद्यापीठांचे कुलगुरू, जीवशास्त्र विभागांचे प्रमुख आणि निवड व पदोन्नती समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

सूक्ष्मजीवांच्या परिसंस्थांवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत एक काम बिनपदाचे चालते. मातीचा, पाण्याचा किंवा आतड्यातला नमुना गोळा होतो, डीएनए काढला जातो, सीक्वेन्सिंग (डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचणे) होऊन फाइली हाती येतात. त्या फाइलींचे संगणकावर पुढे काय करायचे, म्हणजेच बायोइन्फर्मेटिक्स, हे नव्या विद्यार्थ्याला शिकवण्याची जबाबदारी मात्र ज्याला थोडेफार टर्मिनल (संगणकाला टाइप करून कमांड देण्याची खिडकी) येते त्याच्या गळ्यात पडते. तो बहुधा मुदतीच्या करारावर असतो. शिकवण्यात गेलेले त्याचे दिवस कुठल्याही वार्षिक अहवालात दिसत नाहीत, आणि करार संपला की त्याने बसवलेली पद्धतही त्याच्याबरोबर जाते. आमची मागणी साधी आहे. हे शिकवणे कायम स्वरूपाचे, बढतीची वाट असलेले पद व्हावे, आणि सर्वांना विज्ञानात जागा देण्याच्या तुमच्या धोरणाचा मोठा भाग या पदाच्या रोजच्या कामात असतो हे मान्य व्हावे. ही मागणी का, हे तपशिलातूनच कळेल, म्हणून पत्र थोडे लांबले आहे.

या शाखेत संगणकी विश्लेषण हे निरीक्षणाचेच साधन आहे. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली रायबोसोमल आरएनएच्या तुलनेतून आर्किया हा सजीवांचा वेगळा गट दाखवला. १९८५ साली स्टेली आणि कोनोप्का यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी आणि प्रयोगशाळेतल्या संवर्धन-प्लेटवर वाढणाऱ्या वसाहती यांच्या संख्येतली प्रचंड तफावत ठळकपणे मांडली. अनेक नमुन्यांत जेमतेम एक टक्का पेशी प्लेटवर वाढतात. उरलेल्या सगळ्यांची ओळख आपल्याला डीएनएच्या तुकड्यांतून होते. म्हणजे त्या तुकड्यांचे विश्लेषण शिकवणारा माणूस विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शक कसा धरायचा हेच शिकवत असतो. सूक्ष्मदर्शकाचा तास वेळापत्रकात असतो, याचा बहुधा नसतो.

‘चार कमांड दाखवल्या की झाले’ असे समित्यांना वाटते. त्या चार कमांडांपैकी एकच घेऊ. जिवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १६एस जनुकाचा व्ही३-व्ही४ हा पट्टा ३४१एफ आणि ८०५आर या प्रायमरांनी (पट्ट्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) वाढवला, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढल्या, आणि दोन्ही बाजूंनी २५० अक्षरे वाचली, असे धरा. अशा प्रत्येक वाचनाला रीड म्हणतात. प्रायमर १७ आणि २१ अक्षरांचे आहेत. ते कापल्यावर पुढच्या रीडमध्ये २३३ आणि मागच्या रीडमध्ये २२९ अक्षरे उरतात, बेरीज ४६२. प्रायमरविना या पट्ट्याची लांबी साधारण ४०० ते ४३० असते. म्हणजे लांब तुकड्यांच्या बाबतीत दोन रीडमध्ये उणीपुरी ३०-३५ अक्षरे सामाईक राहतात, आणि डाडा२ हे पॅकेज रीड जोडण्यासाठी मुळात किमान १२ अक्षरे सामाईक मागते. आता मागच्या रीडचे शेपूट खराब दिसते म्हणून विद्यार्थी पुढचा रीड २२० वर आणि मागचा १८० वर कापतो. बेरीज ४००. जवळजवळ काहीच जुळत नाही, आणि निदान चूक लक्षात येते. धोका त्याच्या अलीकडे आहे. बेरीज ४२५ ठेवली तर ४०२ अक्षरांचे तुकडे व्यवस्थित जुळतात आणि ४२७ अक्षरांचे गळून पडतात. प्रोग्राम कुठलीही तक्रार करत नाही. आलेख सुंदर येतो. फक्त ज्या जिवाणूंमध्ये हा पट्टा लांब आहे त्यांचे गटच्या गट नमुन्यातून नाहीसे झालेले असतात, आणि विद्यार्थी ते परिसंस्थेतले बदल समजून लिहितो.

हे टाळायला शिकवणाऱ्याने कमांडच्या आधी कागदावर बेरीज करायला लावली पाहिजे. प्रत्येक टप्प्यानंतर किती रीड उरले याचा तक्ता काढून घेतला पाहिजे. कायमेरा, म्हणजे वेगवेगळ्या तुकड्यांचे चुकून झालेले सांधे, काढण्याच्या टप्प्यावर निम्म्याहून जास्त रीड गेले तर बहुतेक वेळा प्रायमर कापायचे राहिलेले असतात, कारण प्रायमरमधली अनिश्चित अक्षरे खऱ्या विविधतेसारखी दिसून गणित बिघडवतात. दोन रंगांच्या रसायनावर चालणाऱ्या इल्युमिना कंपनीच्या सीक्वेन्सिंग यंत्रांत प्रकाश नसणे म्हणजे ‘जी’ हे अक्षर असे वाचले जाते, त्यामुळे संपलेल्या तुकड्याच्या टोकाला ‘जी’ची रांग लागते आणि तिचा दर्जा उत्तम दिसतो. मुळांच्या आतल्या नमुन्यात सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) भरभरून आले म्हणून विद्यार्थी हरखतो, ते वनस्पतीचे हरितलवक असते. सिल्वा या संदर्भसाठ्यात हरितलवक सायनोबॅक्टेरियात आणि मायटोकाँड्रिया रिकेट्सियालीस या जिवाणूंच्या गटात मोडतात, म्हणून ते नावाने शोधून वगळावे लागतात. यातली एकही गोष्ट प्रोग्राम आपणहून सांगत नाही. ती शिकवणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि ती तिथे यायला वर्षे लागतात.

प्रायमरची निवडही त्याच जातीची. पृथ्वीवरील सूक्ष्मजीवांच्या मोठ्या सर्वेक्षणांत वापरलेल्या ५१५एफ-८०६आर या जोडीतला मागचा प्रायमर सागरातल्या एसएआर११ या अतिशय मुबलक गटाला नीट पकडत नव्हता, आणि पुढचा थॉमार्किओटा या आर्कियांच्या गटाला. २०१५-१६ मध्ये दोन्ही प्रायमरांत एकेका जागी जास्त अक्षरांना वाव देऊन ही त्रुटी दुरुस्त झाली. एक अक्षर. ‘आमच्या नमुन्यात हा गट नाही’ आणि ‘आमच्या प्रायमरला हा गट दिसत नाही’ यांतला फरक ज्याला शिकवलेला नाही, त्याचा निष्कर्ष यंत्र कितीही महाग असले तरी कच्चाच राहणार.

आणि हे सगळे नमुना चांगला असेल तर. कमी जिवाणू असलेल्या नमुन्यात डीएनए काढण्याच्या किटमधल्या रसायनांतलाच डीएनए वरचढ होतो. साल्टर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एकाच जिवाणूचे शुद्ध संवर्धन पायरीपायरीने पातळ करत नेऊन हे दाखवले. जसजसे पातळ होत गेले तसतसा बाहेरचा डीएनए वाढत गेला. म्हणून डीएनए काढण्याच्या प्रत्येक तुकडीत एक कोरा नमुना (ज्यात काहीच घातलेले नाही) आणि शक्य तर ज्ञात जिवाणूंचे एक मिश्रण हवेच, आणि ‘उपचार’ व ‘नियंत्रण’ गटांचे नमुने वेगवेगळ्या दिवशी काढायचे नाहीत. ही गोष्ट विश्लेषणाच्या तासाला सांगून फार उशीर झालेला असतो. म्हणून शिकवणाऱ्याला प्रयोगाच्या आखणीच्या बैठकीत जागा लागते, आणि ती पद नसलेल्याला मिळत नाही.

आता सर्वसमावेशकतेकडे. धोरणपत्रात ती एका परिच्छेदात येते. वर्गात ती पहिल्या चाळीस मिनिटांत ठरते. ज्याच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसवण्याचे अधिकार संस्थेने स्वतःकडे ठेवले आहेत, ज्याचे विंडोजचे खाते स्वतःच्या लिपीतल्या नावाने उघडलेले आहे, ज्याच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे, ज्याच्या संगणकावर दशांशासाठी स्वल्पविराम वापरला जातो, तो पहिल्याच तासाला त्रुटीच्या लाल ओळींसमोर बसतो. शेजारच्याची फाइल उघडलेली असते. ‘हे आपल्याला जमणारे नाही’ हा निष्कर्ष तो स्वतःबद्दल काढतो, आणि बहुतेक वेळा काही न बोलता. ज्याला अशा वर्गात आधीच परके वाटते, त्याला तर हा पुरावाच मिळाल्यासारखे होते.

उपाय माहीत आहेत, फक्त ते करायला माणूस आणि वेळ लागतो. पहिल्या दिवशी कुणाच्याही संगणकावर काहीही बसवायचे नाही. ब्राउझरमधून चालणारी व्यवस्था द्यायची. २००५ पासून चालू असलेले गॅलेक्सी हे त्याचे उत्तम उदाहरण, किंवा विभागाच्याच यंत्रावर, आर या भाषेसाठीचा, आरस्टुडिओ सर्व्हर. चोवीस जणांना प्रत्येकी ८ गिगाबाइट मेमरी धरली तर १९२ गिगाबाइट लागतील, तेवढे नसेल तर दोन तुकड्या करायच्या. स्वतःच्या संगणकावर बसवण्याचे काम शेवटच्या सत्रात, समजून आणि मदतीला माणूस बसवून.

सरावाचा डेटा लहान करायचा. बारा नमुने, प्रत्येकी १०,००० रीडच्या जोड्या, म्हणजे आवळलेल्या स्वरूपात सगळे मिळून साधारण पन्नास मेगाबाइटच्या आत बसते आणि मोबाइलच्या इंटरनेटवरही उतरते. सेक्टके या साधनाने रीड निवडताना दोन्ही बाजूंच्या फाइलींना एकच बीज-आकडा (यादृच्छिक निवड ठरवणारा आकडा) द्यायचा. तो वेगळा पडला तर पुढचा रीड एका तुकड्याचा आणि मागचा भलत्याच तुकड्याचा येतो, आणि अख्खी तुकडी जोडणीच्या टप्प्यावर अडकते. वर्गीकरणाचा संदर्भसाठा एकट्याने शंभर मेगाबाइटच्या वर जातो आणि मेमरीही भरपूर खातो, म्हणून त्या टप्प्याचे तयार उत्तर फाइल म्हणून हाताशी ठेवायचे. ज्याचे यंत्र थांबले त्याने ती फाइल उघडून पुढे जायचे, मागे राहायचे नाही.

एक्सेलबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण इथे नवखे आणि जाणते दोघेही फसतात. नमुन्याचे नाव ‘१-२’ असे इंग्रजी अंकांत टाकले की ते तारीख होते, आणि पहिल्या प्लेटचे ई५ हे खण ‘१ई५’ असे लिहिले की ते एक लाख होते. मानवी जनुकांच्या बाबतीत हा घोळ इतका वाढला की २०२० साली नामकरण समितीने मार्च१, सेप्ट१ यांसारखी नावेच बदलली. नमुन्यांच्या नावांची सुरुवात अक्षराने करा, मधे मोकळी जागा सोडू नका, तक्ता टॅबने विभागलेल्या मजकुरात साठवा, हे पहिल्या तासाला सांगायचे.

रंगांचे तर अगदी सोपे आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. जिवाणूंच्या वीस संघांचा (फायलम) वीस रंगांतला स्तंभालेख तर कुणालाच वाचता येत नाही. सात-आठ मुख्य गट ठेवून बाकीचे ‘इतर’मध्ये टाकावेत, व्हिरिडिससारखी रंगमाला वापरावी, बिंदूंना आकारही वेगळे द्यावेत. प्रत्येक आलेखाबरोबर त्यामागचा तक्ता द्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तेच आकडे मिळतात. कोडचे छायाचित्र कधीही देऊ नये. ते ऐकू येत नाही आणि कुणाला चिकटवताही येत नाही. खोली छोटी असली तरी माइक वापरावा. सत्रे मुले शाळेतून घरी यायच्या वेळेनंतर ठेवू नयेत.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आमचे मत ठाम आहे. स्लाइड दाखवून कमांड वाचून दाखवणे थांबवा. शिकवणाऱ्याने पडद्यावर स्वतः टाइप करावे, चुका होऊ द्याव्यात आणि त्या कशा शोधल्या हे मोठ्याने सांगावे. सॉफ्टवेअर कार्पेंट्री १९९८ साली सुरू झाली, पुढे डेटा कार्पेंट्रीशी मिळून २०१८ साली द कार्पेंट्रीज झाली. त्यांच्या वर्गांत दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात, एक ‘झाले’ची आणि एक ‘मदत हवी’ची. हात वर करायला संकोचणारा विद्यार्थी लॅपटॉपच्या पाठीवर चिठ्ठी लावू शकतो. सहा ते आठ जणांमागे एक मदतनीस हवा, आणि मदतनिसाने विद्यार्थ्याचा कीबोर्ड हातात घ्यायचा नाही. या शेवटच्या नियमाइतका मोडला जाणारा दुसरा नियम आम्हांला माहीत नाही.

याला आधारही आहे. २०१४ साली विज्ञान व अभियांत्रिकी शिक्षणावरील २२५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात केवळ व्याख्यानांच्या वर्गात नापास होण्याची शक्यता कृतिशील वर्गापेक्षा दीडपट आढळली. २०२० सालच्या दुसऱ्या विश्लेषणात कृतिशील अध्यापनाने कमी प्रतिनिधित्व असलेल्या विद्यार्थ्यांच्या आणि इतरांच्या परीक्षेतील गुणांतली दरी सरासरी ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. जागा वाढवून जे साधत नाही त्यातले बरेच शिकवण्याची रीत बदलून साधते.

त्याच वेळी दोन दिवसांच्या कार्यशाळेवर फार विसंबू नका, हेही आम्ही सांगतो, जरी आमच्यातल्या बहुतेकांचे काम त्याच कार्यशाळांवर चालते. अमेरिकेतील जीवशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्यांवरच्या २०१७ सालच्या अभ्यासात लघुमुदतीच्या शिबिरांचा संशोधन-कौशल्यांवर मोजण्याजोगा परिणाम दिसला नाही. आम्हांला त्यात आश्चर्य वाटत नाही. विद्यार्थ्याचा स्वतःचा डेटा कार्यशाळेनंतर तीन-चार महिन्यांनी येतो. तेव्हा विचारायला कुणी नसते. आठ आठवडे, आठवड्याला नव्वद मिनिटे, आणि त्यानंतर वर्षभर दर आठवड्याला दोन तासांची खुली शंकावेळ, हा आराखडा आम्ही सुचवतो. हा आराखडा कायम पदाशिवाय चालत नाही. मुदतीच्या करारावरचा माणूस वर्षभराची शंकावेळ कुठून देणार?

मोठ्या अंतरावर शिकवायचे असेल तर एच३एबायोनेट या आफ्रिकेतील बायोइन्फर्मेटिक्सच्या जाळ्याने २०१६ पासून आफ्रिकेतील अनेक देशांत चालवलेला प्रास्ताविक अभ्यासक्रम पाहावा. व्याख्यान एकच, पण प्रत्येक ठिकाणी खरी वर्गखोली आणि तिथे शिकवायला तयार केलेले स्थानिक मदतनीस. दूरस्थ शिक्षणात विद्यार्थी एकटा पडतो, त्यावर ही जोड उपयोगी ठरते.

नमुना कुणाचा, हा प्रश्नही याच शिक्षकाच्या तासाला येतो. सार्वजनिक साठ्यांतले मानवी सूक्ष्मजीवांचे नमुने बहुसंख्येने श्रीमंत देशांतले आहेत, म्हणून ‘निरोगी आतडे’ म्हणजे काय हे ठरवताना तुलना कोणाशी चालली आहे हे विचारायला शिकवावे लागते. नागोया करार २०१० साली स्वीकारला गेला आणि १२ ऑक्टोबर २०१४ रोजी अमलात आला. आनुवंशिक संसाधन ज्या देशातून घेतले त्याची संमती आणि लाभातला वाटा हा त्याचा गाभा आहे. मूलनिवासी समाजांच्या माहितीवर त्या समाजांचा अधिकार मांडणारी ‘केअर’ तत्त्वे २०१९ साली आली. व्यवहारात याचा अर्थ असा: डेटा जमा करण्याआधी आतड्याच्या मेटाजीनोममधले (नमुन्यातल्या सगळ्या डीएनएचे एकत्रित वाचन) मानवी रीड वगळा, नमुन्याचे अक्षांश-रेखांश किती दशांशांपर्यंत द्यायचे हे तिथल्या लोकांना विचारून ठरवा, आणि संमतिपत्रात दुय्यम वापराबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. हे पाऊल कमांडांच्या यादीत लिहून ठेवले नाही तर घाईत गळते.

पदाचा हिशेब मांडायचा तर तीन तासांच्या एका नव्या पाठासाठी एका अनुभवी माणसाचे दोन ते तीन आठवडे धरा. योग्य डेटा शोधणे, परवाना तपासणे, लहान करणे, तीन प्रकारच्या संगणकांवर चालवून पाहणे, उत्तरे लिहिणे, दोन नवख्यांवर पाठ आजमावून पुन्हा लिहिणे, यात तेवढे जातात. त्यानंतर देखभाल. क्यूआयएमई१ या विश्लेषण-प्रणालीचा आधार २०१८च्या सुरुवातीला बंद झाला आणि तिच्यावर उभे असलेले सगळे पाठ एका दिवसात जुने झाले. क्यूआयएमई२ मध्ये शिकवून ठेवलेला वर्गीकारक (जिवाणूंना नावे देणारा भाग) सायकिट-लर्न या प्रोग्राम-संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीवर चालत नाही, म्हणून आवृत्ती बदलली की तो नव्याने घ्यावा लागतो. प्रत्येक सत्रापूर्वी सगळे पाठ नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र, कोऱ्या मांडणीत) पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायचे, आवृत्त्या लिहून ठेवायच्या. याला कामाचे तास म्हणून मान्यता द्या.

मूल्यमापन करताना शोधनिबंधांची मोजपट्टी तशीच लावू नका. पाठ झेनोडो या खुल्या साठ्यावर ठेवले की त्यांना डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो आणि ते उद्धृत करता येतात, ती नोंद ग्राह्य धरा. समाधानाच्या प्रश्नावलीवर फार भर देऊ नका, छान वाटलेला वर्ग आणि शिकवून गेलेला वर्ग एकच असतो असे नाही. त्याऐवजी अभ्यासक्रमाच्या आधी आणि नंतर प्रत्येकाला रीडचा एक गुणवत्ता-आलेख द्या आणि विचारा: कुठे कापाल, आणि का? सहा महिन्यांनी पाहा, कितींनी स्वतःचा डेटा स्वतः चालवला. कितव्या सत्राला कोण गळाले याची नोंद ठेवा, आणि एखाद्या गटात पाचपेक्षा कमी जण असतील तर ते आकडे बाहेर देऊ नका, माणसे ओळखू येतात. विश्लेषणाच्या मदतीतून शोधनिबंध झाला तर शिकवणाऱ्याचे नाव कुठे येईल, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा.

जाहिरात काढताना ‘प्रोग्रामिंगच्या पाच भाषा आवश्यक’ असे लिहू नका. त्याऐवजी निवडीच्या दिवशी उमेदवाराला वीस मिनिटे द्या, समोर टर्मिनल कधीही न उघडलेले चार विद्यार्थी बसवा, आणि एक मुद्दाम बिघडवलेली फाइल द्या. समितीने उमेदवाराकडे कमी आणि त्या चौघांच्या पडद्यांकडे जास्त पाहावे. या कसोटीची सविस्तर रूपरेषा, बिघडवलेल्या फाइलींसह, मागाल त्या विभागाला आम्ही विनामूल्य देऊ.

आपले,
सूक्ष्मजीव परिसंस्थाशास्त्रात बायोइन्फर्मेटिक्स शिकवणारे